पोट, छाती, नाक आणि दात

नानांच्या स्टुडिओत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि माझा धीरही मी बहुतेक तिथेच काढून ठेवत असे. स्टुडिओ म्हणजे धुळ्यातल्या त्यांच्या राहत्या घराची मागची खोली. पूर्वी तिथे गहू-बाजरीच्या कोठ्या असत. कोठ्या गेल्या, त्यांच्या जागी टेबल आलं, टेबलावर मिक्सर आला, शेजारी चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आलं, पण वास मात्र धान्याचाच राहिला. मी जळगावचा. बारावीत आपटल्यावर वडिलांनी, ‘याला रेडिओ तरी उघडता येतो,’ एवढ्या एका गुणावर मला नानांकडे पाठवलं. उघडलेला रेडिओ मला बंद करता येत नाही, हे त्यांनी सोयीस्करपणे सांगितलं नव्हतं. नाना तरुणपणी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे, आणि आता खानदेशातल्या गावोगावच्या गाणाऱ्यांच्या कॅसेटी तयार करून द्यायचे. मी त्यांच्याच घरी राहायचो, त्यांच्याच शेजारी पाट मांडून जेवायचो, आणि त्यांना मनापासून घाबरायचो. नाना कधी ओरडले नाहीत. ते फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायचे. तो चष्मा पुसला जाऊ लागला की मी गुंडाळलेल्या वायरी पुन्हा गुंडाळायला घ्यायचो.

घाबरायला तिथे इतरही पुष्कळ काही होतं. मिक्सरवर एक काटा होता. आवाज वाढला की तो लाल पट्टीत जायचा, आणि तो लाल पट्टीत गेला की काहीतरी जळणार, बहुधा मीच, अशी माझी खात्री होती. त्यामुळे मी सगळं इतकं हळू भरायचो की पहिल्या काही कॅसेटी ऐकून लोक विचारायचे, गाणारा गावाबाहेर उभा होता का. दुसरी भीती स्वयंपाकघराची. स्टुडिओ आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि ती भिंत काकूंच्या बाजूची होती. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. त्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापायला बसल्या की परातीवरचा थपथप आवाज सरळ माइकमध्ये. एकदा तर ढोलकीवाल्याने नकळत भाकरीचाच ठेका पकडला, आणि काकूंनी तवा उतरवल्याबरोबर बिचारा सम चुकला. वांग्याचं भरीत असलं की बडगीने मिरची, लसूण, वांगं कुटण्याचे ठोके. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुकर. खिचडीच्या दिवशी नाना रेकॉर्डिंगच ठेवत नसत. पण काकूंना खिचडी कधी सुचेल याचा नेम नव्हता, आणि त्यांना विचारण्याची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

नानांनी मला आवाज घडवायला शिकवलं ते शरीर दाखवून. मिक्सरवर प्रत्येक आवाजासाठी चार नॉब होते. त्यांच्याशेजारी इंग्रजीत काहीबाही आकडे होते, पण नाना आकड्यांच्या वाटेला गेले नाहीत. सगळ्यात खालच्या नॉबवर बोट ठेवून ते आपलं पोट थोपटायचे. “हे पोट. ढोलकीचा धुम् इथे राहतो.” मग छातीवर हात. “ही छाती. माणूस ओळखू येतो तो इथून.” मग नाक चिमटीत धरून, गेंगाण्या आवाजात, “हे नाक. शब्द इथून कळतात, पण जास्त झालं की डबड्यातून बोलल्यासारखं होतं.” आणि शेवटी आपले पुढचे दोन दात दाखवून, “हे दात. स, श, झांज, घुंगरू. चमक इथे. पण दात जास्त दाखवले की चावतात.” त्यांचं एक सांगणं ते पुन्हा पुन्हा सांगत. गाणाऱ्याचा आवाज पुढे आणायचा असेल तर त्याला वाढवत बसू नको, बाकीच्यांना त्याच्या जागेवरून उठव. बेंजो त्याच्या छातीवर बसला असेल तर बेंजोची छाती काढ. मी मान हलवायचो. मान हलवण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

आज जळगावात माझ्या स्वतःच्या खोलीत लॅपटॉप आहे. त्याच्या पडद्यावर आवाजाची रंगीत रेघ डोंगरासारखी वर-खाली होते, आणि नवी पोरं ती रेघ बघून सांगतात, काका, इथे थोडं काढा. ती बघतात, मी ऐकतो. तेही आता जरा बेताचंच. परवा कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरचे बारीक आवाज तुम्हाला ऐकू येणं कमी झालंय. म्हणजे नानांच्या भाषेत माझ्या कानांचे दात पडले. तोंडातले आधीच गेले होते.

तर त्या श्रावणाच्या तोंडावर अक्का आली. अक्का म्हणजे माझी आत्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, पण साक्रीच्या पुढच्या तिच्या सासरच्या गावात तिला लहानथोर सगळे अक्काच म्हणायचे, म्हणून मीही. अंगाने आडवी, हाताने जड, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर मळ्यातली माणसं आधी काम थांबवायची आणि मग हाक कोणाला होती ते विचारायची. हा आवाज बारीक नव्हता. जमिनीतून निघाल्यासारखा होता. लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या सासूने सांगितलं, बाईच्या गळ्यात बाप्याचा आवाज, कानबाईसमोर शोभत नाही, तू मागे बस आणि टाळ्या वाजव. कानबाई आमची श्रावणातली देवी. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवायची, तिच्यापुढे गाणी म्हणायची, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवायची. अक्का सासू असेपर्यंत मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिली. पण त्या टाळ्यांखाली तिने सासूची, आईची, आजूबाजूच्या गावांची सगळी गाणी पाठ केली, आणि काही स्वतः रचली. सासू गेल्यावर पुढच्या श्रावणात ती उठून पहिल्या रांगेत बसली. तिला मागे हो म्हणायला कोणी धजलं नाही.

अक्काच्या गाण्यांची कॅसेट काढायची हे जळगावच्या शेठने ठरवलं होतं. त्याचं कॅसेटींचं दुकान होतं, बाजारागणिक त्याचा माल जायचा. नानांनी रेकॉर्डिंग केलं, मी वायरी धरल्या. अक्का माइकपुढे मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि गायला लागली, तेव्हा काटा सरळ लाल पट्टीत गेला, आणि मी टेबलाखाली. नानांनी शांतपणे आवाज कमी केला. तिसऱ्या गाण्यात, अगदी रंगात आल्यावर, पलीकडे कुकरने शिट्टी दिली. अक्काने डोळे उघडले. भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“दिल्या, तो कुकर बाहेर लई जा. नहीतर मी त्यालेच गाना गावाले बसाडसू!”

मी कुकर बाहेर नेला. उचलून, गरम, काकूंच्या समोरून. त्या दिवशी मी कोणाला जास्त घाबरत होतो याचा हा पुरावा.

शेठ संध्याकाळी आला. हेडफोन लावून एक गाणं ऐकलं आणि तोंड कडू केलं. “काय भो नाना, आवाज लई जड आहे. बाप्या गातोय असं वाटतं. भुसावळच्या ऑर्केस्ट्रात एक पोरगी आहे, वेलीसारखा नाजूक गळा. तिच्याकडून गाऊन घेऊ. गाणी अक्काचीच ठेवू, फक्त गळा तिचा.”

अक्का चहा पीत होती. तिने बशी खाली ठेवली. “गाना मन्हा आन गया तिना? मंग मी काय करू? टाया वाजाडू?”

नाना चष्मा पुसू लागले. शेठला त्या टाळ्यांची गोष्ट माहीत नव्हती, पण आपण कुठेतरी चुकीच्या जागी पाय ठेवला एवढं त्याला कळलं असावं, कारण तो जरा मागे सरकला. अक्काच म्हणाली, “सोमवारे मन्हा गावले ये. कानबाई नदीवर जाई तव्हय तिना मव्हरे हाई कॅसेट वाजाड. बाया नाचन्यात त मन्हा गया ठेव. नही नाचन्यात त तुन्ही पोरले बलाव. मी काय बोलाव नही.”

शेठला हे पटलं. फुकटात चाचणी होत होती. आता राहिलं होतं ते मिक्सिंग, म्हणजे चार ट्रॅकवर वेगवेगळे भरलेले आवाज, अक्का, ढोलकी, बेंजो आणि मागच्या बायांचा कोरस, घडवून एकत्र करणं. ते नाना करणार होते. पण दुसऱ्याच दिवशी नाशिकहून निरोप आला, मुलीचे दिवस भरले. नाना-काकू दोघं निघाले. दारात नाना म्हणाले, “दिलीपराव, जमेल. घाई करू नका. आणि झाल्यावर कॅसेट बाहेर ऐका. आपल्या टेपवर, रिक्षात, पानवाल्याकडे. चार ठिकाणी ऐकल्याशिवाय कोणाला देऊ नका.” मी मान हलवली.

आता शहाण्या माणसाने मिक्सिंगला बसायचं. पण माझ्या डोक्यात कुकरची शिट्टी बसली होती. नाना परत येतील तेव्हा खोली अशी करून ठेवू की बाहेरचा आवाज आत येणार नाही, नाना थक्क होतील, चष्मा पुसायला हातच धजणार नाही, असा माझा बेत. आणि खानदेशातल्या माणसाला खोली बंदिस्त करायची म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? कापूस. माझा मामा जळगावला जिनिंगमध्ये होता. त्याच्याकडून मी टाकाऊ कापसाची पोती टेम्पोत घालून आणली. काकूंच्या जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून त्यात तो ठासून भरला आणि चारी भिंती, दार, छतसुद्धा, सगळीकडे ते गाद्यांसारखं टांगून टाकलं. संपल्यावर मी आत उभा राहून टाळी वाजवली. टाळी हातातून निघाली आणि हवेतच मेली. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवल्या. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी मात्र मला पूर्वीसारखीच ऐकू येत होती, पण त्या आनंदात मी ती हिशेबात धरली नाही.

आणि मग त्या कापसाच्या पोटात बसून मी अक्काचं मिक्सिंग केलं.

आज कोणालाही समजेल ते मला तेव्हा समजलं नाही. कापूस बारीक आवाज पिऊन टाकतो. घुंगरू, झांज, स, श, सगळं त्या गाद्यांमध्ये मुरत होतं. आणि जाड आवाज कापसाला भीक घालत नाही. तो आपला खोलीभर लोळत राहतो. मला ऐकू येत होतं ते असं की अक्काला नुसतं पोट आहे आणि दात नाहीतच. शेठचं ‘जड आहे’ कानात होतंच. मी दात वाढवले. पुरेना. अजून वाढवले. नाक वर चढवलं. पोट काढलं, तरी घुमतंच आहे, म्हणून छातीही काढली. नानांचं सांगणं मला आठवत होतं, पण माझा हात भीतीने हलत होता, आणि घाबरलेला हात एकच गोष्ट करतो, अजून थोडं. बेंजोलाही दात दिले, तो मागे पडला म्हणून. मग अक्का मागे पडली, म्हणून तिला पुन्हा. दुपार कलेपर्यंत मी माझ्या सख्ख्या आत्याचं पोट कापलं होतं, छाती कापली होती, आणि शिल्लक ठेवले होते नाक आणि दात. खोलीत मात्र ते सुंदर वाटत होतं. खरंच सुंदर. मला रडू यायचं राहिलं होतं.

कॅसेट तयार झाली. बाहेर ऐकायची होती. घरात टेप होता, कोपऱ्यावर पानवाला होता, रिक्षा तर दारातच उभ्या असत. मी कॅसेट खिशात घातली, पानवाल्यापर्यंत गेलो, आणि पान न खाता परत आलो. कारण साधं होतं. न ऐकता ती चांगली होती. ऐकल्यावर ती चांगली राहील याची मला खात्री नव्हती. परीक्षेचा निकाल बघायला न जाणारा मुलगा जसा एक दिवस पास असतो, तसा मी ते दोन-तीन दिवस उत्तम मिक्सिंग करणारा माणूस होतो.

रविवारी एसटीने अक्काच्या गावी पोचलो. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे भाऊबंद आलेले, तळण चाललेलं, पुरणाचा, तुपाचा, ओल्या झेंडूचा वास. कानबाईच्या नैवेद्याचा रोट मला चालणार नव्हता, तो त्यांच्या कुळापुरता; मी अक्काच्या माहेरचा. मला वेगळं वाढलं. मी खीर वाटीतल्या वाटीत ढवळत बसलो. अक्का येता-जाता विचारायची, “दिल्या, कशी व्हयनी रे?” मी म्हणायचो, “चांगली झाली.” ती मान डोलवायची, आणि तिच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं काहीतरी यायचं. लाज होती ती. नव्या नवरीसारखी. माझ्या उभ्या जन्मात अक्का लाजलेली मी पहिल्यांदा बघत होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

सोमवारी सकाळी ट्रॅक्टर दारात लागला. ट्रॉलीत मंडपवाला सुकलाल, त्याचे दोन भोंगे, स्पीकरचे दोन मोठे बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर आणि एक इक्वलायझर. इक्वलायझरवर उभ्या दांड्यांची रांग असते, एकेका दांडीला आवाजाचा एकेक थर. सुकलालने दोन्ही टोकांच्या दांड्या वर आणि मधल्या खाली ठेवून त्यांचं हसरं तोंड केलं होतं. त्या काळी खानदेशातला प्रत्येक मंडपवाला हेच हसरं तोंड करायचा. म्हणजे दात आधीच वर होते. माझ्या दातांवर सुकलालचे दात.

शेठची जीप आली. अक्का कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर आली, नवी साडी, कपाळभर हळदीकुंकू. मागे बाया. सुकलालने कॅसेट लावली.

तो आवाज कसा होता ते मी आजही नीट सांगू शकत नाही. पत्र्यावरून खिळा ओढावा आणि तो खिळा अहिराणीत गात असावा. भोंग्यांतून स आणि श सुया फेकल्यासारखे येत होते. शेजारच्या ओट्यावरचं कुत्रं उठून आत गेलं. आणि या सगळ्यात कुठेतरी, बारीक, नाकात, कोणीतरी एक बाई गात होती. नाचायला पदर खोचलेल्या बाया तशाच उभ्या राहिल्या. अक्काची जाऊ विमलबाई म्हणाली, “अक्का, हाई कोन बाई शे व? रेडिओवरनी शे का?”

अक्काच्या डोक्यावर चौरंग होता, तिला मान वळवता येत नव्हती. ती समोरच बघत म्हणाली, “माले काय इचारस? मी वळखत नही तिले.”

मला जमीन हवी होती, आत जायला. तेवढ्यात शेठ जीपमधून उतरला, आणि त्याचा चेहरा खुललेला. “काय भो, हे तर गोड झालं की! जडपणा गेला बघा.” मला क्षणभर वाटलं वाचलो. मग त्याने बायांकडे बघितलं. “पण बाया काही हलेनात. आणि अक्काचा आवाज वाटतच नाही म्हणतात त्या. असाच बारीक ठेवायचा तर मग पोरगीच काय वाईट? ती तरणी आहे, फोटोही छान येईल कव्हरवर.”

अक्काने ऐकलं. बोलणार नाही असं तिने धुळ्यात सांगितलंच होतं. फक्त चौरंगाला धरलेली तिची बोटं मला दिसली. माझे कान मात्र उघड्या हवेत, भिंती नसलेल्या जागी, पहिल्यांदा माझंच काम ऐकत होते, आणि एकाएकी मला माझ्या टाळ्या आठवल्या. हातातून निघून हवेत मेलेल्या. कापूस! दात कमी नव्हतेच, ते कापूस खात होता. अक्काला काहीच झालं नव्हतं. आजारी खोली होती आणि मी औषध अक्काला पाजलं होतं.

कळलं, पण पाय उचलेना. आणि कानबाई दारात तशीच उभी. मग अक्काच पुटपुटली, “कानबाई काय मुकी जाई का?” आणि डोक्यावर चौरंग धरून ती गायला लागली. कॅसेटच्या सुरात सूर मिळवून, तेच कडवं. माइक नाही, काही नाही. एका बाजूने भोंग्यातली ती पत्र्याची बाई आणि दुसऱ्या बाजूने ही. एकच गाणं, एकाच वेळी. मी आयुष्यात पुढे पुष्कळ महागडी यंत्रं वापरली, पण खरा आवाज आणि त्याचं सोंग असं शेजारी उभं करून मला पुन्हा कोणी दाखवलं नाही.

मी ट्रॉलीवर चढलो. म्हणजे पहिल्यांदा घसरलो, मग चढलो. आधी भोंग्यांची वायर उपटली. सुकलाल किंचाळला. मी इक्वलायझरवर हात टाकला आणि उजवीकडच्या दांड्या खाली ओढल्या.

“ओ भाऊ! हात नका लावू! डिझाइन बिघडी जाई!”

“कसलं डिझाइन?”

“मी बसाडेल शे ते! बठ्ठा गाव मझार असंच ऱ्हास!”

मी त्याला कोपराने दूर ठेवलं. एक कान अक्काकडे, एक बॉक्सकडे. दात खाली. नाक खाली. छाती वर, अजून वर, आणि बॉक्समध्ये कोणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं. पोट वर केलं तर ढोलकी अशी धडधडली की ट्रॉलीचा पत्रा थरथरला. थोडं परत खाली. हात कापत होता, आणि या वेळी कापणाऱ्या हाताचा उपयोग झाला, कारण दांडी केसभर सरकवायची होती आणि तो दुसरं काही करूच शकत नव्हता. शेठ खालून ओरडत होता, “काय लावलंय भो हे? गोड होतं ते का बिघडवतोय?” मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात काढला असता.

आणि मग एका कडव्याच्या शेवटी अक्काला दम लागला. तिने गाणं सोडून श्वास घेतला. बाया थांबल्या नाहीत. त्या केव्हा नाचायला लागल्या होत्या ते मला कळलंच नव्हतं. विमलबाई कोणाचे तरी हात धरून फुगडीत गरगरत होती, आणि गाणं चालूच होतं, जड, खालून येणारं, आणि अक्काचं तोंड मिटलेलं होतं. तिच्याही ते लक्षात आलं. मान वळत नव्हती म्हणून ती चौरंगासकट आख्खी वळली, सावकाश, आणि बॉक्सकडे तोंड करून उभी राहिली. पन्नाशी उलटलेली ती बाई स्वतःला पहिल्यांदा बाहेरून ऐकत होती.

मिरवणूक निघाली. आता मला कळलं की सुकलालच्या इक्वलायझरच्या दांड्या सैल आहेत; ट्रॅक्टरने एक खड्डा घेतला की छातीची दांडी घसरून खाली येते आणि अक्का पुन्हा पत्र्याची होते. म्हणून मी ट्रॉलीत उकिडवा बसलो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी त्या दांड्या धरून ठेवल्या. नदीपर्यंत. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात नव्हता. नदीवर शेठ ट्रॉलीपाशी आला. त्याच्याभोवती बाया होत्या, हाई कॅसेट कधी भेटई, कितलाले भेटई, असं विचारत. त्याने त्यांना पोळ्याच्या आधी म्हणून सांगितलं आणि मला हळूच विचारलं, “हे धुळ्यात जाऊन परत असंच जमेल ना?” मी हो म्हणालो. कापूस आधी उतरवावा लागेल हे बोललो नाही. नाना नाशिकहून यायच्या आत तो उतरवून पुन्हा मिक्सिंग केलं, चारच काय दहा ठिकाणी ऐकलं, पानवाला कंटाळला. पण काकूंच्या लुगड्यांचा पत्ता मात्र लागायचा तो लागलाच.

विसर्जन झालं. अक्का कंबरेपर्यंत भिजून वर आली, हातात फोडलेल्या नारळाचं खोबरं. सगळ्यांना वाटत ट्रॉलीशी आली. मी दांड्या धरून बसलेलो. ट्रॅक्टर उभा होता, खड्डा नव्हता, काही नव्हतं, तरी बोटं निघत नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, मग दांड्यांकडे, आणि ओल्या हाताने खोबऱ्याचा तुकडा सरळ माझ्या तोंडात घातला.

“आते सोड रे त्या दांड्या. मी काय पयी जाई ऱ्हायनू का?”

मी तोंडात खोबरं घेऊन मान हलवली, पण सोडल्या नाहीत. कॅसेटची बाजू संपून खटका उडाला तेव्हा सुकलालने माझं एकेक बोट उचलून बाजूला केलं, आणि सगळ्या दांड्या पुन्हा आपल्या हसऱ्या तोंडासारख्या लावून टाकल्या.